बास म्हणेपर्यंत

जिन्यात चपला घालता घालता भावकीतल्या भामाबाई म्हणाल्या, "लय जीव लावून खाऊ घातलं बघ तुझ्या सुनंनं त्येला. त्यातच गेला पोरगा." बोलण्यात खोच नव्हती. औंदा गहू महागला किंवा गाडी उशिरा आली असं सांगावं तशा त्या बोलल्या, आणि पाटणची एस.टी. चुकेल म्हणून कठडा धरून उतरायलाही लागल्या. सुलक्षणा दाराच्या आतच उभी होती. भामाबाईंना प्रवासात प्यायला द्यायची पाण्याची बाटली तिच्या हातात राहिली होती. वाक्य कानावर पडल्यावर तिनं पहिल्यांदा काय केलं, तर बाटलीचं झाकण आणखी घट्ट केलं. मग ती थांबली. वाक्य तिला उद्देशून नव्हतंच, ते बनुबाईंना, तिच्या सासूला सांगितलं होतं, आणि सासू आता काय म्हणते ते तिला ऐकायचं होतं. 'कायतरीच काय गं भामे,' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. नुसतं 'गप' म्हटलं असतं तरी. बनुबाई काही बोलल्या नाहीत. चपलांचा आवाज दुसऱ्या मजल्यावर गेला, पहिल्यावर गेला, खाली फाटकाची कडी वाजली, तरी त्या कठड्याशी तशाच उभ्या होत्या. सुलक्षणा बाटली घेऊन स्वयंपाकघरात आली आणि ती बाटली जिथं ठेवायची नाही तिथं, डाळीच्या डब्यांच्या रांगेत ठेवून मोकळी झाली.

आदल्या दिवशी तिच्या नवऱ्याचा, वीरधवलचा, तेरावा झाला होता. आता घर रिकामं झालं होतं, म्हणजे ज्याला रिकामं म्हणतात तसं. हॉलमधल्या सतरंज्या गुंडाळून भिंतीशी उभ्या केलेल्या, आणि ओट्यावर लोकांचे स्टीलचे डबे उपडे घालून ठेवलेले. प्रत्येक झाकणाच्या आत नेलपॉलिशनं नाव लिहिलेलं होतं. सुतकात घरात फोडणी पडत नाही आणि कढई चढत नाही, म्हणून भावकीनं, शेजाऱ्यांनी आळीपाळीनं पिठलं-भाकरी, वरण-भात आणून दिला होता, आणि या घरातली माणसं दुसऱ्यांच्या हातचं मुकाट खात होती. शाहूपुरीतल्या या इमारतीला सुलक्षणाचं स्वयंपाकघर वासानं माहीत होतं. जिना चढताना बायका म्हणायच्या, तिसऱ्या मजल्यावर आज काय चाललंय बाई. वीरधवल तर दुसऱ्या मजल्यावरच थांबून नाक वर करायचा आणि तिथूनच ओरडायचा, "सुलक्षणा, येसूर लागलाय गं थोडा." रश्श्याचा तो भाजका मसाला लागलेला कधीच नसायचा. त्याला फक्त आपण आलोय हे कळवायचं असायचं. आता इतके दिवस जिन्याला कसलाच वास नव्हता, आणि त्यावरूनच नव्या माणसालाही कळलं असतं की दुःख कुठल्या मजल्यावर आहे. आज फोडणी घालायला हरकत नाही, असं सकाळी भामाबाईंनीच सांगितलं होतं. आणि सकाळीच शिवांजली क्लासला जाताना, बुटाची नाडी बांधत, वर न बघता म्हणाली होती, "आई, आज चकोल्या कर ना." मुलगी सतरा वर्षांची. बापाच्या माघारी तिनं काही मागितलेलं ते पहिलंच. सुलक्षणा 'करते' म्हणाली होती, आणि तेव्हापासून तिचा हात डाळीच्या डब्याकडं जाऊन परत येत होता. आता भामाबाईंचं वाक्य ऐकल्यावर मात्र तिनं डबा काढला. का काढला ते तिला सांगता आलं नसतं. बहुधा राग आला होता, आणि राग आला की तिला स्वयंपाकच सुचायचा.

डाळ धुतली. पाणी पांढरं येत राहिलं. तिच्या माहेरी, सांगलीत, डाळ तीन पाण्यानं धुवायची आणि ते पाणी तुळशीला घालायचं, टाकायचं नाही. वडील शाळामास्तर. आई तेलाची पळी अशी तिरकी धरायची की थेंबाथेंबाला हिशेब कळावा. खाण्याचे हाल नव्हते, पण घास मोजका होता, आणि पानात वाढताना आई विचारायची, "अजून हवं का?" त्या विचारण्यातच नको हे उत्तर ठेवलेलं असायचं. लग्न होऊन सुलक्षणा इकडं आली तेव्हा पाटणजवळच्या त्या गावात पहिल्याच पंगतीत तिला कळलं की इथं विचारत नाहीत. इथं वाढायला सुरुवात करतात. वाढणाऱ्यानं थांबायचं नसतं. खाणाऱ्यानं बास म्हणायचं, आणि एकदा म्हणून भागत नाही, दोनदा म्हणायचं, हात आडवा घालायचा, ताट मागं ओढायचं. बास म्हणायच्या आधी ज्याचा हात थांबला तो हाताचा आखडू, आणि आखडू सुनेचं नाव गावात व्हायला वेळ लागत नाही. पहिल्या वर्षी तिनं एकदा दिरांना आमरस वाढताना वाटी भरली म्हणून पळी उचलली.  बनुबाईंनी उठून तिच्या हातातली पळी घेतली, वाटीत आणखी रस घातला, वाटीबाहेर जाईपर्यंत घातला, आणि पळी परत तिच्या हातात दिली. शिकवणी तेवढीच. सुलक्षणा हुशार होती, दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलं. आईच्या तिरक्या पळीखालून सुटल्यासारखं वाटलं. तिला कुणी विचारलं असतं, संसारात सुख कशाचं, तर तिनं लाजत का होईना सांगितलं असतं, की तो जेवताना समोर बसायचं. वीरधवल मोठा माणूस होता, दारात उभा राहिला की उजेड अडायचा. पोवई नाक्याशी त्याचं मोटारपंपाचं दुकान, दिवसभर गिऱ्हाइकाशी बोलून घसा बसलेला असायचा, आणि घरी येऊन तो खुर्चीवर न बसता भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसायचा, ताट पुढ्यात ओढायचा. मग त्याचं ते चालायचं. ती तूप घ्यायला वाकली की तो हात आडवा धरायचा, पंजा पालथा, ताटावर. "डॉक्टर काय म्हणाले? वजन कमी करा म्हणाले. बास." ती म्हणायची, "बरं, राहिलं." आणि धार पडणार एवढ्यात तो पंजा काढून घ्यायचा, धार बरोबर चकोल्यांच्या मधोमध पडायची, आणि दोघं हसायची. किती वर्षं तोच तो विनोद. लोकांना सांगितला तर त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळणार नाही. लग्नातले विनोद असेच असतात, दोघांपैकी एक गेलं की त्यांचा अर्थही जातो.

कुकरची शिट्टी झाली तशी ती दचकली. कणीक घेतली, हळद घातली, ओवा चोळला, लाल तिखट घातलं. घट्ट भिजवायची, पातळ झाली तर तुकडे आमटीत विरघळतात. मनगटात जोर लावून ती मळत राहिली. वीरधवलच्या छातीत पहिल्यांदा कळ आली तेव्हा तो दुकानात होता आणि त्यानं सोडा पिऊन बघितला होता. मग हॉस्पिटल, जाळी बसवली, पांढऱ्या कोटातली एक मुलगी येऊन खाण्यापिण्याचं समजावून गेली. तेल किती, तूप अजिबात नाही, मीठ चिमटीनं, मटण विसरा. सुलक्षणानं सगळं ऐकलं आणि जशी पंगतीतली शिकवणी घेतली होती तशीच हीही घेतली, एकदाच. आईची तिरकी पळी माहेराहून परत आली. दुधी, दोडका, कोरडी चपाती. तो खायचा. मान खाली घालून खायचा आणि उठून जायचा. समोर बसून बघण्यासारखं त्यात काही उरलं नाही, म्हणून तीही ओट्याशी उभ्यानंच जेवून घ्यायला लागली. त्याचं वजन उतरलं, गालांची हाडं दिसायला लागली, आणि त्या चेहऱ्यात तिला सासऱ्यांचा भिंतीवरचा फोटो दिसायला लागला. तो जिन्यातून ओरडायचा बंद झाला. शिवांजलीवर चिडायचा, टीव्ही लावून बघायचा नाही, झोपताना भिंतीकडं तोंड करायचा. एकदा ती त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "रिपोर्ट चांगले आलेत की." तो म्हणाला, "व्हय, कागद ठणठणीत हाय." तो घरात शुद्ध बोलायचा. गावची बोली तोंडात आली की समजावं, त्याला कुठंतरी लागलंय.

मग शर्टांच्या खिशात बडीशेप सापडायला लागली. हायवेच्या धाब्यावर बिलाबरोबर देतात ती, रंगीत साखरेची. धुवायला टाकताना ती खिसे उलटे करायची आणि दोनचार गुलाबी दाणे तळहातावर पडायचे. शर्टाला तेलाचा वास, पुन्हापुन्हा तापवलेल्या काळ्या तेलाचा. तिनं विचारलं तर तो खोटं बोलला नाही. "पोटाला विचारलं, ते म्हणालं जा, म्हणून गेलो." त्या रात्री ती खूप रडली. तो मरेल म्हणून रडली की तो दुसऱ्याच्या हातचं खाऊन येतो म्हणून, हे तिनं तेव्हा वेगळं करून बघितलं नाही. आता कणकेचा गोळा हाताखाली दाबताना तिला वाटलं, तेव्हा बघायला हवं होतं. सकाळी उठून तिनं बनुबाईंना गावी फोन लावला होता. सगळं सांगितलं. बनुबाई ऐकून म्हणाल्या, "भायेर कसलंबी तेल खातंय त्यापरीस घरात घाल की त्येला पोटभर. घरचं बाधत न्हाई." चार दिवसांनी एस.टी.च्या कंडक्टरकडं दिलेला कडीचा डबा स्टँडवर आला, म्हशीच्या तुपानं गळ्यापर्यंत भरलेला, झाकणाला फडकं बांधलेलं. आणि घरचं बाधत नाही हे वाक्य सुलक्षणाला किती आवडलं होतं. शिकलेली बाई, बी.कॉम. झालेली, जाळी बसवतानाचं चित्र डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं ते डोळ्यांनी बघितलेली. तरी त्या वाक्यापुढं ते चित्र उभं राहिलं नाही. आपल्या गोठ्यातली म्हैस, आपल्या सासूनं कढवलेलं तूप, आपल्या हातची फोडणी, मिरची-मसाला आपण कांडपावर उभं राहून कुटून आणलेला. यातलं काय बाधणार? बाधतं ते परक्याचं.

ते महिने चांगले गेले. हे कुणाला सांगता येणार नव्हतं, पण गेले. दुपारी दुकानातून फोन यायचा, "काय आहे आज?" ती म्हणायची, "पथ्याचं." तो म्हणायचा, "कुठल्या पथ्याचं?" आणि संध्याकाळी जिन्यातून आरोळी यायची. मटणाचा रस्सा, वर तरंगणारी तर्री बाजूला करून खाली बघायचं. शेंगदाण्याचं कूट घालून भरलेली वांगी. कधी नुसताच भात, तूप, मेतकूट. तो पुन्हा भरला, पुन्हा झोपेत घोरायला लागला, आणि ती जागी राहून ते घोरणं ऐकायची, त्यात काही चुकतंय का बघायची. म्हणजे तिला माहीत होतं. ज्याला काहीच माहीत नसतं तो रात्री घोरणं ऐकत बसत नाही. ती मनाशी सौदा करायची, या आठवड्यात एकदाच मटण, उद्या दुधी. मग उद्या यायचा आणि दुधी टोपलीत मऊ पडायचा. तो गेल्यानंतर डॉक्टर म्हणाले होते, "काही केलं तरी हे होऊ शकतं, वहिनी. मनाला लावून घेऊ नका." काही केलं तरी. ती हे शब्द तोंडात घोळवून बघायची, आणि दरवेळी त्यातला 'शकतं' तेवढा दातात अडकायचा.

तिनं पोळी लाटली, सुरीनं आडव्या-उभ्या रेघा मारून तुकडे केले. कढई चढवली. तेल. मोहरी तडतडली तेव्हा घरात कुणीतरी मोठ्यानं बोललं असं वाटून तिनं मागं वळून बघितलं. जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, कढीपत्ता. लसूण सोनेरी होऊन वास वर आला आणि खिडकीतून, दाराच्या फटीतून, जिन्यात गेला असणार. दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचला असणार. त्यांना आता कळलं असेल, घातली बाई फोडणी. कांदा-लसूण मसाला घातला, शिजलेली डाळ ओतली, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, मूठभर शेंगदाणे. आमटी उकळायला लागली तशी ती एकेक तुकडा सोडत गेली, चिकटू नयेत म्हणून वेगवेगळा. तो गेला त्या रविवारीही असेच सोडले होते. दुपारची वेळ, शिवांजली क्लासला, तिच्यासाठी पातेल्यात ठेवायच्या म्हणून जास्तच केलेल्या. तो भिंतीला पाठ लावून बसला. दोनदा घेऊन झालं होतं. ती तिसऱ्यांदा वाढून तूप घ्यायला वाकली आणि त्यानं हात आडवा धरला, पंजा पालथा. तो काही बोलला नाही. डॉक्टर काय म्हणाले, वजन कमी करा म्हणाले, यातलं काहीच नाही. ती म्हणाली, "बरं, राहिलं," आणि पंजा निघायची वाट न बघता धार सोडली, कारण तो निघणारच होता, तो नेहमीच निघायचा. निघाला नाही. तूप त्याच्या बोटांवर पडलं, बोटांच्या फटीतून खाली गेलं. तिनं वर बघितलं. त्याच्या कपाळावर घाम होता. चकोल्या गरम होत्या, तिखट होत्या, घाम यायचाच. तो हसला, बोटं चाटली, आणि ताटातलं सगळं संपवलं. उन्हं उतरायच्या आत त्याला घेऊन ती हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर होती, आणि त्याच्या उजव्या हाताला तेव्हाही तुपाचा वास होता.

ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. रडायला आलेल्या बायकांना ती तोच तो क्रम सांगत होती, जेवले, पडले, घाम आला, छाती धरली. त्यात हात कुठं नव्हता. तो हात तिच्याजवळ तसाच आडवा राहिला होता. तो विनोद होता का? की त्याला खरंच नको होतं, आणि बोलायचं त्राण नव्हतं, आणि त्याच्या वतीनं त्याचा हात बोलत होता, आणि तिला वर्षानुवर्षं त्या हाताचा एकच अर्थ माहीत होता? आणि मग त्यानं सगळं संपवलं ते कशाला? भूक होती म्हणून, की समोर ती बसली होती म्हणून? संध्याकाळी शेजारच्या बाईंनी येऊन भांडी घासून ठेवली. शिवांजलीच्या वाटणीच्या चकोल्याही त्यांनी फेकल्या असणार, दुसरं काय करणार. पोरगी आज तिची ती राहिलेली वाटणी मागत होती. तिला द्यायची. आणि तूप? ती 'घाल' म्हणाली तर घालायचं का? तिचा चेहरा बापाचाच आहे, हाडही त्याचंच, पुढं कधीतरी तिच्याही छातीतली कुठली नळी कोणत्या वयात बुजणार ते तिच्या रक्तात आधीच ठरलेलं असेल. आयुष्यभर आपण या पोरीला हात आखडून वाढणार, आईसारखी पळी तिरकी धरून. की काही वाढणारच नाही. सुलक्षणाला आपल्या दोन्ही हातांची एकदम भीती वाटली. चमचा तिनं ओट्यावर ठेवला. मग काहीतरी करायला हवं म्हणून मिठाची बरणी पुढं ओढली, आणि झाकण उघडलं तेवढ्यात फोन वाजला. शिवांजलीचा मेसेज होता. 'आई, मैत्रिणींबरोबर वडापाव खाल्ला. भूक नाही. तू आणि आजी जेवून घ्या, थांबू नका.'

ती ते कितीदा तरी वाचत उभी राहिली. भाषेत काही नव्हतं. पण शिवांजलीनं वडापाव खाल्लेला नाही, ती कुठंतरी पायरीवर नुसती बसली आहे, आणि सकाळी मागितलेलं ताट समोर आल्यावर आपल्याला ते खाता येणार नाही हे तिला दुपारी कळलं आहे, असं सुलक्षणाला इतकं स्पष्ट दिसलं की तिनं गॅस बंद केला. किंवा खाल्लाही असेल वडापाव. बाप जसा जायचा तशी गेली असेल, काळ्या तेलाकडं. दोन्हीतलं कुठलं बरं, तिला ठरवता येईना. कढईत चकोल्या फुगून वर आल्या होत्या. इतक्या चकोल्या आणि खाणारं कुणी नाही, असं त्या घरात कधी झालं नव्हतं.

"शिजल्या का गं?" बनुबाई दारात उभ्या होत्या. जिन्यातून त्या कधी आत आल्या, कधीपासून तिथं होत्या, तिला कळलं नव्हतं. इतके दिवस त्या अर्धी भाकरी दुधात कुस्करून खात होत्या, तीही कुणी पुढ्यात ठेवली तर.

"शिजल्या. पण शिवांजली बाहेर खाऊन येतीय, आत्या."

"मग मला वाढ."

त्या वीरधवलच्या जागी बसल्या, भिंतीला पाठ लावून. ती जागा मुद्दाम निवडल्यासारखं काही दिसलं नाही, म्हाताऱ्या माणसाला टेकायला भिंत लागतेच. सुलक्षणानं ताटलीत चकोल्या वाढल्या आणि पुढ्यात ठेवल्या. बनुबाईंनी हात लावला नाही.

"तूप न्हाई?"

"तुम्हाला नको आत्या. गोळ्या चालू आहेत तुमच्या."

"माझं मी बघते. आन ते."

कडीचा डबा फडताळात मागं होता, अर्ध्याला आलेला. त्या दिवसानंतर तिनं त्याला हात लावला नव्हता. गॅसवर जरा धरून तिनं तूप पातळ केलं, डबा घेऊन आली आणि सासूसमोर बसली. डबा मांडीवर ठेवला. उघडेना.

"भामाबाई काय म्हणाल्या ते मी ऐकलं," ती म्हणाली.

"व्हय. दारात हुतीस, दिसलं मला."

"तुम्ही काही बोलला नाही."

बनुबाई ताटलीकडं बघत होत्या. "ह्येचा बाप पलटनीतनं पेन्शन घ्येऊन आला. खायाची लय आवड. असाच ताटावरनं उठला, हात धुतला, आन अंगनात बसला तो बसला. तवा भामीची सासू म्हनली, बनीनं मानूस तुपात बुडवला. भरल्या मानसांत म्हनली. म्या ऐकून घ्येतलं. काय बोलनार? तवापास्नं मला त्येचं उत्तर गावलं न्हाई, तर आज भामीला काय देऊ."

सुलक्षणाला पहिल्यांदा त्या बाईचा राग आला, खरा, पोटातून. "मग तरी तूप धाडत होता? माहीत असून?"

"मग काय धाडू? पोरगं हाय माझं. दुसरं काय येतंय मला."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. सुलक्षणा म्हणाली, "त्या दिवशी ह्यांनी हात आडवा धरला होता. ताटावर. मला वाटलं चेष्टा करतायत. मी ओतलं." बोलताना तिचा आवाज अजिबात हलला नाही, म्हणून ते आणखीच वाईट ऐकू आलं. "बोटांवर पडलं त्यांच्या."

बनुबाईंनी मान वर केली. त्यांचे डोळे कोरडे होते, कडा लाल. "बास म्हनला का?"

"नाही."

"दोनदा?"

"एकदाही नाही म्हणाले, आत्या."

"मग," बनुबाई म्हणाल्या. तो 'मग' निवाडा होता की प्रश्न, ते सुलक्षणाला कळलं नाही. गावच्या पंगतीच्या न्यायानं ती सुटली होती. सुटल्यासारखं काही वाटलं नाही. बनुबाईंनी दोन्ही हातांनी ताटली उचलून पुढं केली. "घाल. मी बास म्हनंन तवा थांब."

सुलक्षणानं झाकण काढलं. डबा कलता केला. धार पडली, चकोल्यांच्या मधोमध, आणि तिथून सगळीकडं पसरली. ती थांबायची वाट बघत होती. बनुबाई ताटलीकडं बघत होत्या आणि त्यांच्या ओठांची रेघ मिटलेली होती. तूप आमटीवर चढलं, पिवळं, वर शेंगदाणे तरंगायला लागले. ताटलीच्या कडेपर्यंत आलं. सुलक्षणानं सासूच्या तोंडाकडं बघितलं. एक शब्द, आत्या. म्हणा. तिचा हात भरून आला होता, पण तो आपणहून सरळ होत नव्हता, त्याला ते शिकवलंच नव्हतं. तूप कडेवरून बनुबाईंच्या अंगठ्यांवर आलं, तिथून मनगटाकडं, तिथून पातळात. कोमट होतं, भाजत नव्हतं, पण त्या इतक्या निश्चल होत्या की भाजलं असतं तरी हलल्या नसत्या. तेव्हा सुलक्षणाला कळलं की ही बाई बास म्हणणार नाही. हिला म्हणायचं नाही, किंवा हिला म्हणता येत नाही, आणि कदाचित हीसुद्धा इतकी वर्षं दुसऱ्या कुणी म्हणायची वाट बघतेय. धार बारीक झाली, तुटली, थेंबांवर आली. डबा उलटा धरून ती शेवटचा थेंब पडेपर्यंत तशीच बसली.

"संपलं," ती म्हणाली.

"संपू दे," बनुबाई म्हणाल्या, आणि ताटली खाली ठेवून खायला लागल्या. बोटांनी, सावकाश, तुपात बुडालेला एकेक तुकडा शोधून. त्यांचं वय, त्यांच्या गोळ्या, सगळं सुलक्षणाला माहीत होतं. हात धरून थांबवायला हवं, हेही माहीत होतं. ती नेहमीसारखी समोर बसून बघत राहिली. चौथा का पाचवा घास घेताना बनुबाईंना गिळताना त्रास झाला, डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी कोपरानं पुसलं आणि पुन्हा हात ताटलीत घातला. तेव्हा सुलक्षणानं ताटली थोडी आपल्याकडं ओढली. वीस वर्षांत सासूच्या ताटात तिनं कधी हात घातला नव्हता. तिच्या बाजूनं ती खायला लागली. चकोल्या कच्च्या राहिल्या नव्हत्या, तुकडे जमून आले होते. मीठ घालायचं मात्र राहून गेलं होतं. बनुबाईंना ते पहिल्या घासालाच कळलं असणार. दोघी खात राहिल्या, आणि मिठाची बरणी ओट्यावर उघडीच राहिली.